समाजकार्याची उमेदवारी

कोल्हापुरातून उत्तरेला कसबा बावड्याच्या वाटेला लागलात, की नवा राजवाडा मागे पडतो आणि थोड्याच वेळात उसाची शेते, साखर कारखाना आणि पंचगंगेचा काठ येतो. बावडा आज महानगरपालिकेच्या हद्दीत असला, तरी त्याचा गावपणा गेलेला नाही. अशा वस्तीत, आणि कदाचित तुमच्याही गावात, दोन-तीन तरुण मुलेमुली घरोघर फिरताना तुम्ही पाहिली असतील. खांद्याला पिशवी, हातात वही. “आम्ही समाजकार्याचे विद्यार्थी, क्षेत्रकार्यासाठी आलो आहोत,” असे ती सांगतात. कोणाला ती शिरगणतीची माणसे वाटतात, कोणाला कर्जवाटपाची, तर कोणाला निवडणुकीची. चहा होतो, चार प्रश्न होतात आणि मंडळी पुढच्या घरी जातात. मागे घरधन्याच्या मनात मात्र एक प्रश्न उरतो. ही पोरं आपल्याला शिकवायला आलीत, की आपल्यावर शिकायला? आणि शिकायलाच आली असतील, तर आमच्या घरातलं दुःख हा त्यांचा धडा व्हावा, हे बरं आहे का?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर ही पद्धत आली कोठून आणि ती कशासाठी काढली गेली, हे आधी पाहिले पाहिजे.

उमेदवारी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा पहिल्या दिवशी कुस्ती मारायला उतरत नाही. तो आखाडा खणतो, माती सारखी करतो, जोर-बैठका काढतो आणि पुढे मातीत उतरला, की वस्ताद काठावर उभा असतो. डाव चुकला, तर मान मुरगळण्याच्या आत वस्तादाचा आवाज येतो. सुताराचा पोर आधी टाकाऊ लाकडावर रंधा चालवतो. शिक्षक बंधुभगिनींना तर हे अधिकच ठाऊक आहे. प्रशिक्षण विद्यालयात तुम्ही पाठ घेतलेत, तेव्हा मागच्या बाकावर तुमचे गुरुजी टाचण समोर घेऊन बसलेले होते. मुले खरी होती, वर्ग खरा होता. म्हणूनच कोणीतरी मागे बसण्याची गरज होती.

आता समाजकार्याचे पाहा. सुताराच्या पोराला टाकाऊ लाकूड मिळते, तसे टाकाऊ दुःख कोठे मिळणार? नवऱ्याच्या दारूने गांजलेली बाई, शाळा सोडून भटकणारा मुलगा, क्षयाच्या औषधाला कंटाळलेला म्हातारा, ही सगळी खरी माणसे आहेत. शिकाऊ माणसाचा हात पहिल्याच दिवशी खऱ्या जखमेवर पडतो. त्यामुळे या विद्येत उमेदवारी लागतेच, आणि तीही कोणाच्या तरी नजरेखाली. सारा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

आपल्याकडे समाजसेवा होती. तिचे शिक्षण मात्र नव्हते. कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ साली शाहू महाराजांचा जन्म झाला. त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला आणि १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. खेड्यातली पोरे शहरात आणून त्यांना शहाणे करावे, अशी ती दिशा होती. पुण्यात १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापला. त्याच्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी ठरवून दिलेली होती. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू करून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली.

ही माणसे फार मोठी. त्यांच्या अंगी तळमळ होती, त्याग होता, अभ्यासही होता. परंतु तळमळ ज्याची त्याच्यापाशी राहते. ती दुसऱ्याला शिकवता येईल, तपासता येईल, चुकली तर सुधारता येईल, अशी काही रीत या प्रयत्नांतून तयार झाली नव्हती. गोखल्यांची पाच वर्षे देशसेवकाला घडवण्यासाठी होती. एका घराच्या ओट्यावर बसून त्या घराची अडचण कशी समजून घ्यावी, याचा क्रम त्यांत बसवलेला नव्हता.

हा क्रम आधी परदेशात बसला. लंडनमध्ये १८६९ साली दानधर्माची शिस्त लावणारी एक संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक गरिबांच्या घरी जात, चौकशी करत आणि मदत द्यावी की नाही ते ठरवत. लवकरच लक्षात आले, की कनवाळू पण अडाणी स्वयंसेवक मदतीपेक्षा अपमानच जास्त करतो. पुढे १८८४ मध्ये सॅम्युएल बार्नेट यांनी लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल उघडला. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीतच येऊन राहावे, ही त्यामागची कल्पना. लंडनच्याच सदर्क भागात १८८७ साली स्त्रियांचे असे केंद्र निघाले आणि तेथे अनुभवी बाईच्या हाताखाली नव्या बाईने शिकायचे, अशी पद्धत पडत गेली. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये या कामासाठी शाळा हवी, असे जाहीर प्रतिपादन केले आणि १८९८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा पहिला वर्ग भरला. ॲमस्टरडॅमला १८९९ साली दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. वर्ग आणि वस्ती यांची सांगड अशी पडली.

आपल्या देशात ही सांगड घातली गेली ती मुंबईच्या नागपाड्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ, शिकागो विद्यापीठात शिकलेले. त्यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस उभे केले. नागपाडा म्हणजे नाना धर्मांच्या, नाना भाषांच्या कष्टकऱ्यांनी गजबजलेली वस्ती. तेथे राहून काम करताना मॅनशार्ट यांना दिसले, की चांगल्या मनाची माणसे पुष्कळ मिळतात, पण शिकून तयार झालेली मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा यांच्या नावाचा न्यास नुकताच, १९३२ साली, स्थापन झालेला होता. त्याच्या साहाय्याने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेही नागपाड्याच्या त्या वास्तूतच. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. मॅनशार्ट हे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली.

या जागेच्या निवडीकडे थोडे लक्ष द्या. शाळा आधी निघाली आणि मग विद्यार्थ्यांना पाठवायला वस्ती शोधली, असे झाले नाही. वस्तीतले काम आधी होते. शाळा त्याच्या पोटी आली. विद्यार्थी वर्गातून उठला, की जिन्याखाली नागपाडा होता. दोनच वर्षांचा अभ्यासक्रम, पण त्यात पुस्तकाइतकीच प्रत्यक्ष कामाला जागा. शाळेच्या जोडीने १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. बिघडलेले म्हणून हिणवले जाणारे मूल बसून समजून घ्यायचे, त्याच्या आईबापांशी बोलायचे, हे काम विद्यार्थी तेथे शिकू लागले.

पुढे कामाची क्षेत्रे वाढत गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. फाळणीनंतर लाखो निर्वासित आले, तेव्हा टाटा संस्थेचे अध्यापक आणि विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या छावणीत कामाला गेले. पुस्तकात नसलेला केवढा मोठा धडा तो! १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. आता शिकलेल्या समाजकार्यकर्त्याला नोकरी मिळू लागली. मग इतर संस्थाही निघाल्या. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, नागपुरात १९५८ मध्ये मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि पुण्यात १९६३ मध्ये महर्षी कर्वे यांच्या नावाची कर्वे समाजसेवा संस्था.

तथापि, या साऱ्यात एक मोठी उणीव राहिली, आणि ती तुमच्याशी संबंधित आहे. हे शिक्षण शहरात जन्मले, शहराच्या दुखण्यांवर वाढले आणि बराच काळ इंग्रजीतून चालले. “दुखणं अंगावर काढलं” असे एखादी बाई म्हणते, तेव्हा त्या तीन शब्दांत पैशाची चणचण असते, घरातल्या कामाचा रगाडा असतो, आणि आपल्या जिवाची किंमत कमी धरण्याची सवयही असते. हे वाक्य इंग्रजी अहवालात उतरवताना काय उरत असेल? वहीत “रोगाकडे दुर्लक्ष केले” एवढेच येते, आणि दोष बाईच्या माथी बसतो.

खेड्यांची दखल घेणारे शिक्षण हवे, ही जाणीव स्वातंत्र्यानंतर बळावली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेवक गावोगाव दिसू लागला. त्याच साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला श्री मौनी विद्यापीठाची स्थापना झाली. तिचे शिल्पकार शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. ते आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. केंद्र सरकारने १९५६ पासून देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था चालू केल्या, त्यांत गारगोटीची निवड झाली. तेथील ग्रामसेवेच्या पदविकेत विद्यार्थ्याने आसपासच्या गावांत विस्ताराचे काम करणे हा शिक्षणाचाच भाग होता. समाजकार्याची पदवी ती नव्हे. पण शिकणाऱ्याने भुदरगडच्या चिखलवाटा तुडवल्याखेरीज त्याचे शिक्षण पुरे होत नाही, हे सूत्र तेच होते.

कोल्हापूरला १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले. १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांनी छत्रपती शाहूंच्या नावाने एक संस्था स्थापन केली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी घेत नाही. सगळे तिला ‘सायबर’ म्हणतात, आणि तिच्यावरून चौकालाही तेच नाव पडले. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत समाजकार्याचा विभागही चालतो. टाटा संस्थेनेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुळजापूरला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, आपले ग्रामीण केंद्र उभारले. अशा रीतीने दिशा उलटली. शाहू महाराजांच्या काळी खेड्यातली पोरे शहरात शिकायला येत. आता शहरातली पोरेही खेड्यात शिकायला जाऊ लागली.

हे क्षेत्रकार्य चालते कसे, ते आता सांगतो. साधारणतः आठवड्यातले दोन दिवस, म्हणजे सुमारे १५ तास, विद्यार्थी नेमून दिलेल्या ठिकाणी जातो. ते ठिकाण रुग्णालय असेल, निरीक्षणगृह असेल, कारखाना, शाळा किंवा वस्ती असेल. तेथे संस्थेचा एक जाणता माणूस त्याच्यावर नजर ठेवतो आणि महाविद्यालयातील एक अध्यापक त्याचा पर्यवेक्षक असतो. विद्यार्थी घरी येऊन वृत्तांत लिहितो. कोणाला भेटलो, ती व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, मला काय वाटले, सगळे लिहायचे. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक तो वृत्तांत समोर ठेवून त्याच्याशी बोलतो. शिवाय वर्षातून एक ग्रामीण शिबिर होते आणि शिक्षणाच्या शेवटी सलग महिनाभराचे काम.

वही हा या पद्धतीचा कणा आहे. कसा, ते पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. तेथे पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापुरातल्या लहान मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाण्याने ५५ फूट ओलांडले. समजा, असाच पूर ओसरला आहे आणि एक विद्यार्थी नदीकडेच्या गल्लीत पाहणी करतो आहे. भिंतीला ओल आलेल्या घरातली आजी विचारते, “फारम भरलास न्हवं पोरा? मग पैसं कवा येतील?” पोराला आजीची दया येते. तो म्हणतो, “येतील की आजी, पंधरा दिवसांत नक्की येतील.”

विद्यार्थी हे वाक्य सरळ मनाने वहीत लिहितो. त्यात त्याला काही वावगे वाटलेले नसते. उलट आपण आजीला धीर दिला, अशीच त्याची समजूत असते. पर्यवेक्षक मात्र नेमक्या त्या ओळीखाली रेघ ओढतो. पंधरा दिवस तुला कोणी सांगितले? पैसे देणारा तू आहेस का? आजीने उद्या या भरवशावर दुकानातून उधारीवर सिमेंट आणले, तर? मग विद्यार्थी पुन्हा जातो. पैसे कधी येतील ते मला ठाऊक नाही, पण तुमचे नाव यादीत लागले की नाही ते तलाठी कार्यालयात आपण दोघे मिळून पाहू, असे आजीला सांगतो. दयेतून दिलेले खोटे वचन वहीमुळे सापडले आणि आजीचे नुकसान होण्याआधी दुरुस्त झाले. तालमीतला वस्ताद काठावरून ओरडतो, ते याच कारणासाठी.

दुसरीही एक गोष्ट पर्यवेक्षकाला जपावी लागते. बाई मन मोकळे करते, नवऱ्याविषयी बोलते. विद्यार्थी ते नावानिशी लिहितो आणि वही बसमध्ये शेजारच्या आसनावर ठेवून झोपी जातो. गावात बातमी चावडीवर पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. म्हणून वहीत खरे नाव घालायचे नाही, वही कोणाच्या हाती द्यायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवावे लागते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही रीत कागदावर जितकी चोख आहे, तितकी सगळीकडे पाळली जात नाही. एका अध्यापकाकडे विद्यार्थी फार झाले, की वृत्तांत वाचला जात नाही, नुसती सही होते. काही ठिकाणी विद्यार्थ्याला नोंदवह्या उतरवण्याच्या कारकुनीला बसवतात, आणि तो दोन वर्षांत कोणाच्या दुःखाजवळ फिरकतसुद्धा नाही. आणि गावाची सर्वांत मोठी तक्रार अशी, की दरवर्षी नवी पोरं येतात, तेच प्रश्न विचारतात, परीक्षा जवळ आली की जातात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांना मागच्यांनी काय केले याचा पत्ता नसतो. एकाच जखमेची पट्टी दर वर्षी नव्या माणसाने सोडून पाहायची आणि न बांधता निघून जायचे, यात शिकणाऱ्याचा फायदा असेल, जखमेचा नाही.

यावर उपाय केवळ महाविद्यालयांच्या हाती नाही. काही भाग तुमच्याही हाती आहे. गावात विद्यार्थी आले, तर त्यांना हाकलू नका आणि देवासारखे डोक्यावरही घेऊ नका. चार गोष्टी मोकळेपणाने विचारा. तुमचे पर्यवेक्षक कोण, आणि ते गावात कधी येणार? तुम्ही लिहिता ते कोण वाचणार? काम अर्धे राहिले, तर ते पुढे कोणाकडे सोपवणार? आणि आम्हाला काही सांगायचे नसेल, तर “नको” म्हणण्याची मुभा आहे ना? ज्याला नीट शिकवून पाठवले आहे, तो या प्रश्नांनी रागावणार नाही. त्याला उत्तरे देता येतील.

शिक्षक मंडळींकडे माझे एक वेगळे मागणे आहे. पर्यवेक्षक आठवड्यातून एकदा भेटतो, तोही शहरात. गावात रोज असता ते तुम्ही. कोणत्या घरी आज जाऊ नये, कोणती गोष्ट चारचौघांत काढू नये, कोणत्या म्हातारीला ऐकू कमी येते म्हणून ती नुसतीच मान डोलावते, हे तुम्हाला ठाऊक असते. नेमणुकीचा कागद नसला, तरी त्या दोन दिवसांचे वस्ताद तुम्हीच आहात. विद्यार्थी जाताना त्याने केलेल्या कामाची एक साधी नोंद, नावे न घालता, शाळेत ठेवून घ्या आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याच्या हाती द्या. एका वहीच्या किमतीत दहा वर्षांची वारंवारता टळेल.

घरधन्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. दुसऱ्याच्या दुःखावर शिकणे बरे का? डॉक्टर तसाच शिकतो, शिक्षकही तसाच शिकतो. दुसरा मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही. पण नागपाड्यात १९३६ साली जी रीत सुरू झाली, तिने या शिकण्याला एक अट घातली. शिकणारा एकटा जाणार नाही, तो जे करील ते लिहील, आणि लिहिलेले कोणीतरी जबाबदार माणूस वाचील. ही अट पाळली जात असेल, तर दारी आलेल्या पोरांना खुशाल आत घ्या, चहा द्या, मोकळेपणाने बोला. पाळली जात नसेल, तर ती आठवण करून देण्याचा पहिला हक्क, ज्याच्या ओट्यावर ती पोरं बसली आहेत, त्या घरधन्याचा आहे.